पालथी ताटं

“उद्यापासून एकोणचाळीस जणींचा स्वयंपाक करा,” रेक्टरबाई स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाल्या. “गोजराला घरी पाठवतेय. तिचे वडील सकाळच्या गाडीनं येतील.”

नवसाबाईनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि मग मान वळवली.

“तिची परीक्षा तीन आठवड्यांवर आली, बाई. आता गेली तर परत यायची नाय.”

“ती परीक्षेला बसण्यासारखी आहे का? वेडाच्या गोळ्या चालू आहेत तिला. उद्या काही बरंवाईट झालं तर उत्तर मला द्यायचंय.”

“डॉक्टर म्हनले, वेळ लागंल. एकटी ठेवू नका म्हनले. आमी ठेवतो का एकटी?”

“तुम्ही कोण तिच्या?”

“भाकरी घालते तिला,” नवसाबाई म्हणाली.

एकोणऐंशी सालचा मार्च होता. नाशिकच्या त्या वसतिगृहात कॉलेजच्या चाळीस मुली राहत. प्रत्येकीनं घरून आणलेलं, नाव घातलेलं ताट भिंतीवरच्या फळीवर असे. भाकऱ्या वाया जातात म्हणून रेक्टरबाईंनीच नियम केला होता. जिला जेवायचं नाही तिनं सकाळीच आपलं ताट पालथं घालायचं. नवसाबाईनं उताणी ताटं मोजायची आणि तेवढंच पीठ मळायचं. तिला वाचता येत नव्हतं, पण पोचे आणि कडा बघून कुठलं ताट कुणाचं ते तिला पाठ होतं.

गोजराचं ताट फेब्रुवारीपासून पालथं राहू लागलं. आधी एका वेळेला, मग दोन्ही वेळेला. ती वर्गात जाईना, केस विंचरीना. कुणी विचारलं तर “काही नाही” म्हणे. मुलींना वाटलं, नखरे आहेत. शेवटी नवसाबाई तिला हाताला धरून खोलीतून घेऊन आली, चुलीपाशी बसवली आणि समोर लसूण ठेवला.

“सोल. बोलू नको. नुसती सोल.”

तीन दिवस ती मुकाट्यानं लसूण सोलत होती. चौथ्या दिवशी म्हणाली, “मावशी, त्या ताटात मला घास जात नाही.”

“का गं? काय झालं ताटाला?”

गोजरानं ताट आणून कडेवरची अक्षरं वाचून दाखवली. तिचे वडील कारभारी मनमाडला रेल्वेत खलाशी होते. मुलीला कॉलेजात घातलं त्याच दिवशी त्यांनी भांड्यांच्या दुकानात ताटावर नाव घालून घेतलं होतं. गोजरा कारभारी, आणि पुढे बी. ए. तेव्हा पदवीला तीन वर्षं बाकी होती. मुली पहिल्या दिवसापासून तिला “बीए” अशीच हाक मारत. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले, तरी हाक तीच.

“नुसतं तेवढंच नाही, मावशी. सगळंच जड झालंय. सकाळी उठणंसुद्धा. पण ताट बघितलं की वाटतं, मी घरच्यांना फसवतेय.”

नवसाबाईनं स्वतःची पितळी तिच्यापुढे सरकवली. तीत गोजरानं दोन घास खाल्ले.

दुसऱ्या दिवशी नवसाबाईनं सगळ्या मुलींना झाडलं. “पुन्ना तिला बीए म्हनलीस ना लते, तर तुझ्या भाकरीत खडे घालीन.”

लता सगळ्यांत जास्त चिडवणारी. पण तीच पुढे झाली. नळावरच्या पाण्याच्या पाळ्या लावायची, तशी तिनं गोजराजवळ बसायची पाळी लावली. सरकारी दवाखान्यातही लता आणि नवसाबाईच तिला घेऊन गेल्या. तिथून आणलेली गोळ्यांची पुडी रेक्टरबाईंच्या दृष्टीस पडली आणि त्यांनी त्याच दिवशी मनमाडला पत्र टाकलं.

आता रेक्टरबाईंची पाठ वळताच लता दाराआडून पुढे आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

“मावशी, काय करायचं?”

नवसाबाईनं फळीकडे पाहिलं. “बाईंनी एकोनचाळीस सांगितल्यात ना? एकोनचाळीसच धरू.”

सकाळी दहाला रेक्टरबाई कारभारींना घेऊन जेवणघरात आल्या. कारभारींच्या अंगावर रेल्वेचे निळे कपडे होते, काखेत सामानासाठी आणलेली रिकामी पिशवी आणि हातात मुलीला घरी नेण्यासाठी सही करायचा कागद. मुली भिंतीला लागून उभ्या होत्या, गोजरा लताच्या शेजारी. फळीवर एकोणचाळीस ताटं पालथी होती. गोजराचं तेवढं उताणं होतं.

“हे काय? स्वयंपाक कुठे आहे?”

“हा काय.” नवसाबाईनं टोपली पुढे केली. तीत एक भाकरी होती. “एक ताट उतानं, एक भाकरी. नियम तुमचाच हाय, बाई.”

“आम्हाला भूक नाही,” लता म्हणाली. “गोजरा गेली तर उद्याही नसेल.”

“हे तुम्ही शिकवलंत यांना?”

“म्या काय शिकवनार? शिकल्याल्या त्याच हायेत.”

“जूनपासून कामावर येऊ नका तुम्ही.”

“नाय येनार. जून लांब हाय. परीक्षा एप्रिलात हाय.”

कुणीतरी फिसकन हसलं आणि तोंड दाबलं.

कारभारींनी फळीवरचं ते एक ताट खाली घेतलं. “का गं पोरी, जेवत का नाय?”

गोजरा ताटाच्या कडेकडे बघत राहिली. कारभारींनी तिच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. त्यांचा अंगठा हळूहळू बी. ए. वर सरकला.

“हे बघून व्हय?”

तिनं होकाराची मान हलवली.

“मला आपलं वाटलं, नाव घातलं की...” त्यांनी अंगठ्यानं अक्षरं घासून पाहिली. “घासून टाकतो. कानशीनं आत्ता जाईल.”

“राहू द्या, दादा,” गोजरा म्हणाली. सगळ्यांसमोर ती कितीतरी दिवसांनी बोलत होती. “यंदा पेपर देते. व्हायचं तेव्हा होईल. नाही झाले तर नाही.”

“नाय झालीस तर काय ताट फेकून देनारे मी?”

कारभारींनी कागदाची घडी केली आणि रेक्टरबाईंपुढे धरली. “सही नाय करत, बाई. पोरगी हितंच ऱ्हाईल.”

रेक्टरबाईंनी एकदा फळीकडे बघितलं, घडी घेतली आणि त्या निघून गेल्या.

नवसाबाईनं ताटात भाकरी वाढली. गोजरानं ती मोडली आणि अर्धी वडिलांना दिली. ते अर्धी भाकरी हातात धरून नुसते बसून राहिले. गोजरानं तुकडा तोडला, बराच वेळ चावला आणि गिळला. मग त्यांनी पहिला घास घेतला.

मागे फळीवर एक ताट वाजलं. मग दुसरं.

नवसाबाईनं पिठाचा डबा ओढला आणि न मोजता परातीत पीठ ओतलं.