सिंहाने परत केलेला रुपया

सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या एका मंगल कार्यालयात त्या गुरुवारी इतकी गर्दी उसळली होती, की कुणालाही वाटावं आत मोठं लग्न आहे. फक्त नवरदेवाच्या जागी एक पितळी सिंह बसला होता.

सिंह म्हणजे एका जुन्या, जड लोखंडी पेटीच्या तोंडावर बसवलेला मुखवटा. जबडा उघडा, जबड्यात नाणं जाईल एवढी फट, आणि खाली पेटीच्या पायाशी ताटलीसारखा एक छोटा खळगा. पेटीशेजारी निष्कलंकनाथ महाराज. त्यांचा कुडता इतका शुभ्र, की सोलापूरच्या धुळीने त्यांच्यापुरती सुट्टी घेतली असावी.

"ही पेटी माझी नाही," महाराज माईकवर सांगत होते. "हिमालयातल्या एका गुहेत ती माझी वाट बघत होती. हिच्यात स्पंदनं आहेत. खऱ्या माणसाचा रुपया सिंह गिळतो. खोट्या माणसाचा रुपया तो तोंडात धरत नाही!"

लोखंडी पेटी हिमालयात कुणाची वाट बघत का बसेल, असा प्रश्न मला पडला होता. पण माझ्या शेजारच्या तानाबाईंनी हात जोडलेले पाहून मी तो गिळला.

तानाबाई आमच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत राहतात. माणसं मूळची सांगोल्याकडची, मेंढरं राखणारी. थोरला मुलगा जोतिराम सोलापुरात मालवाहू टेम्पो चालवू लागला, तेव्हा सगळं घर इथं आलं. गेल्या वर्षी त्याचं लग्न झालं. सून संस्कृती, बारावी शिकलेली, बोलायला धीट. आणि दोन महिन्यांपूर्वी अक्कलकोट रस्त्यावर जोतिरामचा टेम्पो उलटला. तो वाचला, पण उजवा हात मोडला. तेव्हापासून तानाबाईंना एकच ध्यास लागला होता: असं का झालं?

डॉक्टरांनी हात बसवला, पण 'का' त्यांनी सांगितलं नाही. ते सांगायला महाराज तयार होते.

कार्यक्रम सोपा होता. महाराजांच्या पुढ्यात झेंडूने भरलेलं ताट, त्यात जुने, गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेले रुपये. महाराज ताटात हात घालत, फुलांतून एक रुपया उचलत, कपाळाला लावत आणि समोरच्याच्या हातावर ठेवत. स्वतःच्या खिशातलं नाणं चालत नसे, "कारण तुमच्या खिशाला बाजाराचा वास लागलेला असतो." मग तो रुपया सिंहाच्या तोंडात टाकायचा.

तानाबाईंचा रुपया खडखडत आत गेला. लोकांनी जयघोष केला. जोतिरामचाही गेला. मग संस्कृती पुढे झाली. तिचा रुपया आत घरंगळला, क्षणभर थांबला, आणि पेटीच्या पायाशी टणकन पडला.

सगळ्या माना संस्कृतीकडे वळल्या.

"पुन्हा टाक," महाराज मायेने म्हणाले आणि ताटातून दुसरा रुपया काढून दिला.

टणकन.

महाराजांनी डोळे मिटले. "माउली, तुझ्या घरात एक माणूस खोटं आहे. म्हणून चाक उलटलं. पुढच्या गुरुवारी हिच्या अंगावरचं सोनं या पेटीच्या चरणी ठेवा. वर्षभर ते शुद्ध होईल. तोवर हिने माहेरी राहावं."

संस्कृती पांढरीफटक पडली. तानाबाईंनी तिच्या हातातला हात काढून घेतला. तेवढी एकच गोष्ट मला त्या दिवशी खरोखर खुपली.

घरी येऊन मी सगळं बायकोला सांगितलं. बायको म्हणजे वैजयंती, शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. तिला एक छंद आहे, जुने गल्ले आणि दानपेट्या जमवण्याचा. कुंभाराचे मातीचे गल्ले, पत्र्याची पोस्टाची पेटी, नाणं ठेवलं की उडी मारणारा लोखंडी कुत्रा, देवळातल्या कुलुपाच्या पेट्या. आमच्या घरात पैसे ठेवायच्या जागा भरपूर आहेत, तुटवडा फक्त पैशांचा आहे.

"अहो, एक सांगा," ती म्हणाली. "महाराजांच्या बोटात अंगठ्या होत्या का?"

"एक होती. मोठी, काळ्या खड्याची. आणि गंमत म्हणजे, एकदा त्यांनी आशीर्वादाला हात वर केला, तर एक रुपया अंगठीलाच चिकटून वर गेला! त्यांनी हात झटकून तो पाडला. मला वाटलं, फुलांचा चिकटा असेल."

वैजयंती उठली. कपाटातून तिने एक काळी पेटी ओढून काढली, भंगारबाजारातून आणलेली. तिलाही तोंडाला फट आणि पायाशी तसाच खळगा होता.

"ही एका धर्मादाय दवाखान्याच्या दारात असायची," ती म्हणाली. "फुकट औषध घेऊन जाताना लोक पेटीत लोखंडी वायसर, नटाखालच्या गोल चकत्या, टाकायचे. आवाज तर नाण्यासारखाच येतो ना, दान केल्याचं समाधान! म्हणून कुणीतरी पेटीच्या घशात चुंबक बसवला. वायसर टाकलं की सगळ्यांसमोर पायाशी परत."

"म्हणजे महाराजांची पेटी—"

"हिची बहीण असणार. सिंह नंतर चिकटवलेला." तिने डब्यातून जुने रुपये काढले. "हे सगळे सारखे दिसतात. पण आधीचे तांबं-निकेलचे आहेत, चुंबक त्यांना ओळखत नाही. नंतरचे पोलादाचे निघाले. एकच लोंबी, एकच रुपया, धातू वेगळा."

तिने दोन्ही टाकून दाखवले. एक आत, एक पायाशी. मला महाराजांच्या अंगठीचं कोडं उलगडलं: तो काळा खडाच चुंबक. फुलांखाली हात घालायचा, अंगठीला जो चिकटेल तो पोलादी, जो चिकटणार नाही तो दुसरा. मग समोरच्याला हवं ते पाप किंवा पुण्य द्यायचं.

आम्ही लगेच तानाबाईंना वर बोलावलं. त्यांनी प्रयोग शांतपणे पाहिला आणि मान हलवली. "बाई, तुमची पेटी म्हंजी खेळनं हाय. ती देवाची हाय की. तिची आन् हिची बरोबरी कशी?"

"मग गुरुवारी मी तुमच्यासोबत येते," वैजयंती म्हणाली. त्या खाली गेल्यावर तिने संस्कृतीला हाक मारली आणि बराच वेळ दोघी कुजबुजल्या. मला काही सांगितलं नाही. माझ्या पोटात काही राहत नाही, असा तिचा समज आहे. तो खरा आहे.

गुरुवारी गर्दी आणखी वाढली होती. कार्यालयाचे मालक उदयसिंह स्वतः पुढच्या रांगेत हात जोडून बसले होते. तानाबाईंच्या पदरात संस्कृतीचे दागिने गाठ मारून बांधलेले. जोतिराम गळ्यात अडकवलेला हात सांभाळत मान खाली घालून उभा होता. बायकोकडे बघायची त्याची हिंमत नव्हती, आणि आईला थांबवायचीही नव्हती.

"महाराज," वैजयंती पुढे झाली, "सोनं ठेवण्याआधी पोरीला शेवटची संधी द्या. आणि मीही नवीन आले आहे. माझीसुद्धा परीक्षा घ्या."

महाराजांनी तिची इरकल साडी, सोन्याच्या बांगड्या, चष्मा असं सगळं पायरीपायरीने पाहिलं. दान देणारं गिऱ्हाईक दिसलं असावं. "अवश्य, माताजी!" ताटात हात गेला, फुलं हलली. एक रुपया वैजयंतीला, एक संस्कृतीला.

दोघी पेटीकडे निघाल्या. चालता चालता वैजयंतीने पदर सावरला. संस्कृतीने तिला आधार द्यावा तसा हात धरला.

आधी संस्कृती. तिने रुपया सिंहाच्या तोंडात सोडला. खडखड करत तो आत गेला आणि आतच राहिला.

महाराजांच्या चेहऱ्यावरची माया जागच्या जागी गोठली.

मग वैजयंती. टणकन!

"अरे देवा," वैजयंती मोठ्याने म्हणाली. "पापी मी निघाले की!"

कुणीतरी मागून हसलं. महाराज सावरले. "माताजी, स्पंदनं कधीकधी—"

"स्पंदनांना त्रास नको देऊ या. आम्ही दोघींनी रुपये बदलले. तुम्ही मला दिलेला हिने टाकला आणि हिचा मी. म्हणजे सिंहाला माणूस कळत नाही, रुपया कळतो." तिने परत आलेला रुपया उचलला. "आता हाच रुपया तुम्ही टाका, महाराज."

"गुरूची परीक्षा शिष्याने घ्यायची नसते!"

"न घेऊन कसं चालंल?" हा आवाज तानाबाईंचा होता. त्या उभ्या राहिल्या होत्या. "माजी सून तीनदा टाकती, तुमी एकदा टाका की. तुमी तर निष्कलंक हायसा."

सगळी गर्दी 'टाका, टाका' म्हणू लागली. महाराजांनी टाकला नाही. शेवटी उदयसिंह उठले, त्यांनीच टाकला. टणकन! कार्यालयाचा मालक पापी निघालेला पाहून तर सगळेच हसायला लागले, आणि उदयसिंहांचा चेहरा तापला.

वैजयंतीने पर्समधून फ्रिजवर लावायचा आंबा काढला. त्याच्या पाठीला चुंबक होता. तो तिने परत आलेल्या रुपयाला लावला. रुपया आंब्याला चिकटला. मग ताटातले रुपये एकेक करून लावले. काही चिकटत, काही नाही. "महाराज, जरा तुमची अंगठी?" महाराजांनी मूठ आवळली. पण तीच मूठ ताटाच्या फार जवळ होती, आणि झेंडूतून एक रुपया आपण होऊन उडाला आणि अंगठीला जाऊन बसला.

उदयसिंहांनी स्क्रू काढायला लावले. सिंह बाजूला झाला. आत एक उतार, उताराच्या मध्ये फट, आणि फटीच्या आधी नालाच्या आकाराचा चुंबक. "नाणं वेगात आलं तर फट ओलांडून पेटीत जातं," वैजयंतीने वर्गात सांगावं तसं सांगितलं. "पोलादी असेल तर चुंबक त्याला मागे ओढतो, वेग मोडतो, आणि ते फटीतून खाली पडतं. एवढीच स्पंदनं." पेटीच्या पाठीवर रंग खरवडला, तर खाली दवाखान्याचं नाव आणि 'गरिबांच्या औषधासाठी' ही अक्षरं होती.

पोलीस आले. महाराजांच्या खोलीतल्या ट्रंकेत इतर घरांतल्या सुनांचं सोनं सापडलं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. जाताना महाराजांनी शाप दिला, पण तेव्हा त्यांच्यापुढे माईक नव्हता, त्यामुळे तो फारसा ऐकू आला नाही.

बाहेर आल्यावर तानाबाई पायरीवरच बसल्या. "बाई, समदं पटलं. पर मग माज्या पोराचा हात का मोडला?"

जोतिराम तिच्याशेजारी पायरीवर टेकला आणि म्हणाला, "आई, ब्रेक लागत नव्हते. मिस्त्रीनं दोनदा सांगितलं व्हतं. मी म्हनलं, पुढच्या महिन्यात बघू." त्याने पहिल्यांदा बायकोकडे पाहिलं. "तुला बोलत व्हते तवा मी गप ऱ्हायलो. सांगाया पायजे व्हतं."

तानाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि दागिने संस्कृतीच्या ओंजळीत ठेवले. "चल घरी. भाकरी थापायच्या हायत."

संस्कृती हलली नाही. "येते. पण एक विचारू? आज माझा रुपया आत गेला, म्हणून मी खरी ठरले. काकूंनी बदलला नसता तर?"

तानाबाईंनी खोटं सांगितलं असतं, तर ते सोपं होतं. त्यांनी सांगितलं नाही.

"तर तुला आज माहेरला धाडलं असतं मी," त्या म्हणाल्या. "वरीसभर माज्या घरात ऱ्हातीस, माज्या हातचं खातीस. तुला वळखायला मला पेटी कशाला लागली? हेच लई चुकलं माजं."

संस्कृतीने दागिने पर्समध्ये ठेवले, पण अंगावर घातले नाहीत. "घरी गेल्यावर बोलू," ती म्हणाली. मग तिने सासूला हात देऊन उठवलं.

मला एवढंच सांगायचं आहे. चुंबकाला लोखंड कळतं, माणूस कळत नाही. अपघात झाला तर ब्रेक तपासा, आजार झाला तर डॉक्टर गाठा, आणि घरातल्या माणसाबद्दल शंका आली तर त्याच्या समोर बसून त्यालाच विचारा. त्यासाठी पेटी लागत नाही, महाराजही लागत नाहीत. थोडी हिंमत लागते, आणि ती ज्याची त्यानेच आणायची असते.