प्रथमफळ

येशुदास पाटोळे मास्तरांनी आयुष्यात एकच हट्ट केला, आणि तोही देवाशी. देवाशी हट्ट करू नये हे शिरूरच्या मिशनशाळेत दहा-बारा वर्षं गणित शिकवणाऱ्या माणसाला काय कुणी सांगायला हवं होतं? पण केला खरा.

झालं असं की, पुण्याला एम.ए. करताना मास्तरांना लायब्ररीत एका पोलिश प्रोफेसरांचा लेख सापडला होता. व्होलान्स्की त्यांचं नाव. ज्या अवकाशात एकेक बिंदू म्हणजे अख्खंच्या अख्खं फलन, म्हणजे फंक्शन असतं, अशा अनंत मितींच्या अवकाशांचं त्यांचं गणित. लेखाच्या शेवटी त्यांनी एक प्रश्न तसाच सोडला होता. हे खरं आहे असं वाटतं, पण सिद्ध करता येत नाही, एवढंच लिहिलं होतं. त्या एका वाक्यानं मास्तरांचं वाटोळं केलं म्हणा, नाहीतर सोनं केलं म्हणा. अकरा वर्षं हा माणूस शाळेत त्रैराशिक शिकवायचा आणि घरी येऊन त्या प्रश्नाच्या मागं लागायचा. त्यांची बायको दयाबाई म्हणायची, "तुमच्या त्या अवकाशात माणसं र्‍हात्यात का? न्हाई ना? मग इथं र्‍हाणारांकडं बी बघा की जरा."

१९५९ साली उत्तर सापडलं. मास्तरांनी सतरा पानं इंग्रजीत लिहून थेट पोलंडला पाठवली. दोन महिन्यांनी प्रोफेसरांच्या सेक्रेटरीचं टाइप केलेलं दोन ओळींचं उत्तर आलं. हस्तलिखित मिळालं, प्रोफेसर आजारी आहेत, वाचून स्वतः कळवतील. मास्तर असे हरखले की पुढच्या रविवारी चर्चमध्ये उठून उभे राहिले आणि भर मंडळीत बोलून बसले, "प्रभू, प्रोफेसरांचं पत्र येईल ते माझ्या कामाचं प्रथमफळ. ते मी तुझ्या मेजावर ठेवीन, आणि तोवर उघडणार नाही."

त्या मंडळीत याचं कुणाला नवल वाटलं नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी उपकारस्तुतीचा सण असायचा. बाजरीची पहिली कणसं, वेलाचा पहिला भोपळा, सगळं आधी प्रभूच्या मेजावर जायचं आणि तोवर घरात कुणी चव घ्यायची नाही, अशी रीतच होती. पण बाजरी वेगळी आणि पत्र वेगळं, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये? पाळकांनी तर मोठ्यानं "आमेन" म्हटलं.

जून महिन्यात पत्र आलं. या खेपेला टाइप केलेलं नव्हतं. लिफाफ्यावरचं अक्षर हातानं काढलेलं, वाकडंतिकडं. मास्तरांनी ते पेटीत कपड्यांच्या घडीखाली ठेवून दिलं.

"अवो, उघडा की!" दयाबाई म्हणाली. "देव काय पोलीस हाय का?"

"शब्द दिलाय, दया. चारचौघांत."

शब्द होताच, पण खरं सांगायचं तर भीतीही होती. लिफाफा बंद होता तोवर मास्तरांची सतरा पानं बरोबर होती. उघडल्यावर काय निघेल कुणास ठाऊक! म्हणून साडेपाच महिने त्यांनी रोज पेटीकडं पाहिलं आणि रोज स्वतःला बजावलं की आपण देवासाठी थांबलोय.

सणाचा रविवार आला. भोपळे, कोंबड्या, गुळाच्या ढेपी यांच्या मधोमध लिफाफा ठेवला गेला, प्रार्थना झाली, मास्तरांनी तो फोडला, आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं. पत्र पोलिश भाषेत होतं. एक अक्षर कळेना. सगळी मंडळी माना उंच करून वाट बघतेय आणि मास्तर आपले कागद उलटासुलटा करतायत. शेवटी पाळकांना आठवलं, दौंडला एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरची बायको पोलिश आहे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं मास्तर दौंडला गेले. रेल्वे क्वार्टरच्या दारात पिंगट केसांची, फुलाफुलांचा फ्रॉक घातलेली बाई उभी. हलिना तिचं नाव. महायुद्धात पोलंडची हजारो माणसं कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आसऱ्याला होती, त्यांतलीच ती. मराठी शिकली तीही तिथलीच.

"या की मास्तर, बसा," ती म्हणाली. पत्र हातात घेऊन तिनं वरची तारीख बघितली. "मे म्हैन्यातलं हाय की हे! आन् आज आणतायसा?"

मास्तरांनी मान खाली घातली. ती एकेक वाक्य वाचून मराठीत सांगू लागली.

"प्रिय मित्रा, सेक्रेटरी काम सोडून गेली, आणि आजारपणानं माझं इंग्रजी लिहिणंही गेलं, म्हणून माझ्या भाषेत लिहितो. तुमच्याकडं आमचं कुणीतरी राहिलं असेल, ते वाचून दाखवील. हा प्रश्न माझा नव्हे, माझ्या विद्यार्थ्याचा. ल्वूव शहरातल्या कॉफीच्या दुकानात संगमरवरी मेजावर त्यानं तो पेन्सिलीनं मांडला. एक्केचाळीस साली जर्मनांनी त्याला धरून नेलं आणि गोळी घातली. मी उवांना रक्त पाजून वाचलो. तापाच्या लशीसाठी उवा पाळायचे, त्यांची डबी मांडीला बांधून बसायचं. त्या कामाचा दाखला खिशात असला की जर्मन हात लावत नसत. मांडीवर उवा आणि डोक्यात त्या पोराचा प्रश्न, अशी तीन वर्षं काढली."

हलिना थांबली, डोळे पुसले, पुन्हा वाचू लागली.

"तुमची सतरा पानं तीनदा वाचली. सगळं पटतं. फक्त अकराव्या पानावर एका पायरीवरून पुढच्या पायरीवर तुम्ही कसे गेलात ते मला दिसत नाही. पूर्वी दिसलं असतं. तेवढं कळवा. डॉक्टर म्हणतात, पानगळीपर्यंत आहे. हे खरं आहे एवढं कळून मला जायचंय."

अकरावं पान! तिथं तीन ओळी होत्या, आणि त्या मास्तरांनी स्वतःच्या हातानं गाळल्या होत्या. एवढ्या मोठ्या माणसाला पायरी पायरीनं काय शिकवायचं, उद्धटपणा दिसेल, म्हणून.

"पानगळ म्हणजे कधी?" त्यांनी विचारलं.

"आक्टोबर, मास्तर," हलिना हळूच म्हणाली.

मास्तर ताडकन उठले. पत्र नको, तार करायची! दोघं तारऑफिसात धावले. तीन ओळींतलं एकेक चिन्ह इंग्रजी शब्दांत लिहून काढलं. कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं, "हे सांकेतिक तर नाही ना? साहेबांना विचारावं लागेल."

"गणित हाय ते, बाबा, गणित!" हलिना त्याच्यावर ओरडली. "एक माणूस मराया टेकलाय तिकडं!"

तासाभरानं तार गेली. मास्तर शिरूरला परतले आणि येशूचं नाव घेत बसले. डॉक्टरांचं काय, डॉक्टर चुकतातही. कितीतरी माणसं पानगळीनंतरही जगतात. शाळेत फळ्यावर गणित मांडता मांडता ते मध्येच थांबायचे आणि मुलं एकमेकांकडं बघायची.

नवव्या दिवशी तारवाला दारात आला. प्रोफेसरांचे कागद आवरायला परत आलेल्या त्याच सेक्रेटरीची तार होती. प्रोफेसर चार नोव्हेंबरला वारले. शेवटपर्यंत तुमच्या पत्राची चौकशी करत होते.

मास्तरांनी बोटांवर महिने मोजले. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. पाच महिने तो माणूस खाटेवर पडून तीन ओळींची वाट बघत होता, आणि त्या ओळी इथं तोंडपाठ होत्या. मोजून झालं तरी त्यांची बोटं हलतच राहिली.

पाळक आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, वर गेल्यावर त्यांना सगळं कळलं असेल.

पाळक गेल्यावर दयाबाई जवळ येऊन बसली. "आता किती जिवाला लावून घ्याल? देवाची मर्जी."

"देवाचं नाव नको घेऊ, दया," मास्तर म्हणाले. "देवानं पत्र वेळेवर पाठवलं होतं."