रोशनकच्या बाहीवरचा सूर्य

मी एक जुनी, पायाने चालणारी शिलाई मशीन आहे. मित्रांनो, मोडीत निघालेली समजू नका! अमरावतीत नसीमबानोंच्या दुकानात मी तीस वर्षे लग्नांचे ब्लाऊज, शाळांचे गणवेश आणि त्यांचे स्वतःचे बुरखेही शिवले. मग त्यांच्या मुलाने, मोहसीनने, विजेवरची मशीन आणली आणि माझ्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग चढला. फार वाईट वाटले, कशाला लपवू?

पण या मार्चमध्ये मला बोलावणे आले! इराणहून विद्यापीठात शिकायला आलेली रोशनक दुकानात आली. तिच्या हातात पणजीने भरलेली रेशमी पट्टी होती, तिच्यावर सूर्य आणि मोर. नवरोजला, म्हणजे त्यांच्या हजारो वर्षे जुन्या नववर्षाला, ही पट्टी लावलेला झगा घालून तिला फोनवर आजीला दिसायचे होते. आजी थकली होती, पुढच्या नवरोजचा भरवसा नव्हता. नव्या मशीनच्या वेगात ते जुने रेशीम फाटले असते, म्हणून नसीमबानोंनी मला तेल दिले. माझे चाक आनंदाने नुसते भिरभिरले!

झगा न्यायला रोशनक आली तेव्हा नसीमबानोंनी हौसेने एक रुमालही पुढे केला. इराणची पोरगी, डोके झाकायला लागेलच, असे समजून त्यांनी बाह्यांसाठी दिलेली अख्खी पट्टी न विचारता रुमालाच्या काठाला लावली होती. झग्याच्या बाह्या कोऱ्याच. नवरोज दुसऱ्या दिवशी होता. रोशनकचा चेहरा उतरला.

मैत्रिणीकडून शिकलेल्या वऱ्हाडीत ती हळूच म्हणाली, "चाची, तिथं डोकं झाकाचा कायदा हाय. मले कोनी इचारलंच नाई."

नसीमबानोंनी रुमाल परत घेतला. "माहा बुरखा माह्या मर्जीचा हाय," त्या म्हणाल्या. "अन् तुले मीबी इचारलं नाई. बस बेटा, उसवू आपण."

दोघींनी एकेक टाका उसवला. मग मी जपून, पावला-पावलाने चालले. रेशमाचा एक धागाही तुटू दिला नाही!

दुसऱ्या दिवशी दुकानातूनच फोन लागला. रोशनकचे केस मोकळे, दोन्ही बाह्यांवर सूर्य. आजीने आधी बाही जवळ आणायला लावली, टाके निरखले, मग नातीकडे पाहून रडली, हसली. हे शिवले कोणी, असे तिने विचारले. रोशनकने फोन माझ्याकडे वळवला!

परवा मोहसीनने पुन्हा माझ्यावर दोन साड्या ठेवल्या. नसीमबानोंनी लगेच उचलल्या. मित्रांनो, तुमच्या घरीही माझी एखादी बहीण असेल, तिला अधूनमधून तेल द्या. आणि तिच्या सुईखाली कापड ठेवण्याआधी, ते घालणारीला एकदा विचारा.