दोन इंचांनी लांब

मी गोल्फची काठी बोलतेय. काचेच्या कपाटातून बोलतेय, त्यामुळे आवाज जरा दबका वाटेल, सांभाळून घ्या. विश्रांतवाडीतल्या एका फ्लॅटमध्ये, टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये मी कोपऱ्यात तिरकी उभी आहे. सरळ उभं राहण्याइतकी या कपाटाला उंचीच नाही. माझ्या एका बाजूला चिनी मातीचे हत्ती आहेत आणि दुसऱ्या बाजूला कंपनीने दिलेल्या ट्रॉफ्या. हत्ती बोलत नाहीत. ट्रॉफ्या बोलतात, पण फक्त स्वतःबद्दल.

माझा जन्म अमेरिकेतला. पोलादी दांडा, लोखंडी डोकं आणि त्यावर कोरलेला सातचा आकडा. चेंडू फार लांब नाही, फार जवळ नाही, असा मधल्या अंतरावर टाकायचा असला की मला हातात घेतात. माझा पहिला मालक एका बँकेतला अधिकारी होता. तो ताडमाड उंच होता, म्हणून त्याने मला नेहमीच्या मापापेक्षा लांब करून घेतलं होतं. त्याच्या हातात मी सहज फिरायचे आणि मला वाटायचं, सगळी माणसं एवढीच असतात.

दोन हजार साल उजाडताना कॉम्प्युटर बंद पडतील म्हणून सगळं जग धास्तावलं होतं. या बँकेचे कॉम्प्युटर पुण्यातल्या एका कंपनीने सांभाळले आणि त्यातलं सगळ्यात किचकट काम त्या कंपनीतल्या दीपमालाने केलं. पुढे माझा मालक पुण्यात आला, तेव्हा जेवताना तिने त्याला एक आठवण सांगितली. तिचं बालपण खडकीचं. आईबरोबर बसने येरवड्याकडे जाताना गोल्फच्या मैदानाची हिरवळ जाळीपलीकडून दिसायची आणि आत कोण जात असेल, याचा ती विचार करायची. माझ्या मालकाने ते लक्षात ठेवलं. निघण्यापूर्वी त्याने मला नवीकोरी रबरी मूठ बसवून घेतली, वर प्लॅस्टिकचं पातळ वेष्टण तसंच ठेवलं आणि मला तिच्या हाती दिलं. म्हणाला, आता तू आत जा.

मला फार आनंद झाला होता. नवा देश, नवे हात, नवी हिरवळ. पण पुण्यात नव्या वस्तूचं प्लॅस्टिक काढायचं नसतं, हे मला कुठे ठाऊक होतं?

दीपमालाचा नवरा शुभंकर सरकारी खात्यात अभियंता. माणूस सज्जन, फक्त वस्तू वापरायला त्याचा जीव होत नाही. त्यांच्या घरी रिमोट पिशवीत राहतो, सोफा चादरीखाली राहतो आणि गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक उन्हाळ्यात चटके देतं, तरी ते काढलं जात नाही. मला बघताच तो म्हणाला, "इंपोर्टेड आहे. वेष्टण राहू दे, मूठ खराब होईल." आणि मी शोकेसमध्ये गेले. दाराला किल्ली लागली.

याच घरात शुभंकरची आई, सुंदराबाई, राहते. दीपमालासारखीच बुटकी. फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने स्वयंपाकाचा ओटा असा बांधला होता की पोळ्या लाटताना तिचे खांदे कानाला लागायचे. शुभंकर म्हणाला, पायाखाली पाट घे. त्यावर ती म्हणाली, "ओटा खाली घे. मी काही आता वाढत नाही." गवंडी आला, ओटा फुटला, खाली आला. ही हकीकत ती प्रत्येक पाहुण्याला सांगते, त्यामुळे मला पाठ झाली आहे.

दीपमालाच्या कंपनीत नवं काम यायचं होतं. मोठी टीम, तिचा एक प्रमुख. ते पद तिला हवं होतं. कारण प्रमुखाने करायचं निम्मं काम ती आधीच करत होती. पण तिच्या बरोबरीचा राकेश आणि बाकीची साहेब मंडळी दर रविवारी गोल्फला जायची. "रविवारी तिथे ठरतं आणि सोमवारी आम्हाला कळतं," असं ती एकदा चिडून म्हणाली आणि तिने शोकेस उघडलं.

ती शिकायला जाऊ लागली. शिकवायला रंगनाथ सर होते, लष्करातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. पहिल्या दिवशी दीपमाला माझ्या जुन्या मालकासारखी उभी राहिली. त्याला खेळताना तिने एकदा फोटोत पाहिलं होतं. तसेच ताठ पाय, तसेच उंच हात. पण त्याचे पाय लांब होते, हिचे आखूड. माझी जास्तीची लांबी तिच्या पोटात रुतायची. माझ्या डोक्याचं टोक वर उचललं जायचं, दांड्याकडची टाच जमिनीत घुसायची आणि चेंडू डावीकडे पळायचा.

"मॅडम, दुसऱ्याची उसनी उंची घेऊन उभं राहू नका," सर म्हणाले. त्यांनी तिला हात सैल सोडायला लावले, मनगटापासून जमिनीपर्यंत टेप धरली. "तुमचे हात लांब, पाय आखूड. चेंडूपासून थोडं दूर उभं राहा. काठी डोक्यावर नका नेऊ, खांद्याभोवती फिरवा. आणि ही काठी दोन इंच कापून घ्या. ते प्लॅस्टिकही काढा, लग्नात आलेला मिक्सर नाही तो."

घरी हे सांगताच शुभंकर शोकेसपुढे येऊन उभा राहिला. "साहेबाने दिलेली वस्तू कापायची?"

"ओटा कापला की," सुंदराबाई म्हणाली.

"ओटा काय अमेरिकेहून आला होता?"

मी काचेला डोकं टेकून ऐकत होते. खरं सांगते, कापण्याची मला भीती वाटली नाही. तिच्या मापाची होऊन हिरवळीवर जायला मी तयार होते. पण दीपमालाच म्हणाली, "असू दे. मी जुळवून घेते."

आणि तिने जुळवून घेतलं. मूठ जरा खाली धरली, कंबर वाकवली, पोट आत ओढलं. थंडीतल्या सकाळी तेवढ्यावर निभावलं. चेंडू सरळ जाऊ लागले. सरांनी दोनदा आठवण करून दिली, मग सोडून दिलं.

मग एप्रिलमधला तो रविवार आला. नवं काम देणारे अमेरिकन पाहुणे, राकेश, सगळे साहेब. प्रत्येकाने थोडे चेंडू मारायचे आणि मग नाश्त्याला बसायचं. खरं बोलणं नाश्त्याला व्हायचं होतं. दीपमालाची पाळी आली तोवर ऊन चढलं होतं. तिचा तळवा घामाने भिजला होता आणि माझ्या मुठीवर ते प्लॅस्टिक. तिने मला मागे नेलं, खांद्याभोवती फिरवलं, अगदी सरांनी सांगितलं तसं. आणि मी निसटले.

मी उडाले. आयुष्यात तेवढीच एकदा. खाली गवत फिरत होतं आणि वर नुसतं आकाश होतं. मी पाहुण्यांच्या पायांपुढे जाऊन पडले. कोणाला लागलं नाही. मग हशा पिकला.

"मॅडम, इट्स ओके, होतं असं," राकेशने मला उचलून तिला दिलं. "चला ना, ब्रेकफास्टला बसू."

ती बसली नाही. घरी काम आहे म्हणाली आणि रिक्षाने परत आली. सोमवारी कळलं की टीमचा प्रमुख राकेश. त्या संध्याकाळी तिने मला ओल्या फडक्याने पुसलं, वेष्टणावरून, आत ठेवलं आणि किल्ली फिरवली. तो आवाज मला अजून नकोसा होतो.

त्यानंतर किती वर्षं गेली, मी मोजलं नाही. प्लॅस्टिक पिवळं पडलं. दीपमाला आता राकेशचं निम्मं काम करते. खुर्चीतून उठताना कंबरेवर हात ठेवते. टीव्ही बदलला, मोबाइल बदलले, मी तिथेच तिरकी. मला इथे गुदमरायला होतं, हे मी कोणाला सांगू? हत्तींना?

परवा बुद्धपौर्णिमेची साफसफाई निघाली. दीपमालाने मला बाहेर काढलं, फडकं हातात घेतलं आणि थांबली. मग नखाने वेष्टणाची कड उचलून ते टराटरा सोलून काढलं. तिची बोटं प्रथमच माझ्या मुठीला लागली. रबर अजून नवं होतं.

"काढलंस?" शुभंकरने विचारलं.

"काढलं. राकेश कंपनी सोडून चाललाय. या रविवारी परत पाहुणे येतायत."

त्याने सोललेलं प्लॅस्टिक उचलून त्याची नीट घडी घातली. मग म्हणाला, "कापू मात्र नकोस हं."

ती हॉलमध्ये उभी राहिली, वाकली. माझं मुठीकडचं टोक तिच्या पोटात रुतलं आणि तिने डोळे मिटून घेतले. "बघू," ती म्हणाली. "जुळवून घेईन."

स्वयंपाकघरातून सुंदराबाईचा आवाज आला. "कंबर काय म्हणते, ते विचार आधी."

दीपमालाने मला परत आत ठेवलं. पण किल्ली फिरवली नाही. दार नुसतं लोटलेलं आहे आणि फटीतून फोडणीचा वास आत येतोय.

दीपमाला, रविवार जवळ आला आहे. माझा आवाज तुला ऐकू येत असता, तर एवढंच सांगितलं असतं. मी लोखंडाची आहे, मला दुखत नाही. तू वाकू नकोस. मला काप.