वाऱ्यातली सातवी जागा

बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या त्या गावात माणसाची किंमत दोन ठिकाणी ठरायची, चर्चच्या दफनभूमीत आणि सायकल क्लबच्या पाटीवर. दफनभूमीत निदान एकदाच ठरायची.

पाटी ऊर्बानच्या कॅफेत, बिअरच्या नळांशेजारी टांगलेली होती. वर 'अ' गट, खाली 'ब'. अ गट रविवारी आठच्या ठोक्याला निघायचा आणि कोणासाठी थांबायचा नाही. ब गट साडेआठला निघायचा, कोणाचीही चेन उतरली की सगळेच्या सगळे थांबायचे आणि गुडघ्यांविषयी बोलायचे. फेब्रुवारी ते ऑक्टोबरच्या हंगामात जो तीनदा मागे पडेल त्याचं नाव ऊर्बान ओल्या फडक्याने पुसायचा आणि खाली लिहायचा. अक्षर तेवढंच सुबक काढायचा.

मार्निक्स दोनदा मागे पडला होता. त्याचा दोस्त लोडेही दोनदाच. आज ईस्टरच्या आधीचा शेवटचा रविवार.

मार्निक्स शाळेत भूगोल शिकवायचा. वर्गात त्याचं कोणी ऐकत नसे, घरी तर त्याहून नाही. पण वारा अंगावर घेत गटाला ओढायला तो पुढे आला की मागचे सात जण मुकाट त्याच्या चाकाला चिकटून यायचे. एवढंच त्याचं राज्य, तेही मिनिटभराचं. लोडे निवृत्त पोस्टमन. अकरा वर्षांपूर्वी मार्निक्सला त्यानेच या क्लबात आणलं होतं. बायको गेल्यापासून तो काय बोलायचा ते रविवारीच.

"पाय कसे आहेत रे?" निघताना लोडेने विचारलं.

"आहेत. दोन्ही."

"माझा एक घरीच राहिलाय बहुतेक."

"ज्यांच्याकडे श्वास जास्त झालाय त्यांनी पुढे या!" ऊर्बान पुढून ओरडला. साठी उलटली होती, पण पुढची जागा काही सुटत नव्हती.

चाळीस किलोमीटर मार्निक्सने पुढच्याच्या मागच्या चाकाखेरीज काही पाहिलं नाही. मग कालव्यापाशी रस्ता वळला आणि समुद्रावरचा वारा डावीकडून अंगावर आला. बिटाची उघडी शेतं, झाड औषधालाही नाही. आडव्या वाऱ्यात एकामागे एक जाऊन भागत नाही. पुढच्याच्या उजवीकडे, थोडं मागे, असं तिरकं सरकत जावं लागतं आणि रस्ता जेवढा रुंद तेवढीच माणसं त्या आडोशात मावतात. इथे सात मावत. आज ते आठ होते.

सहा तगडे पुढे आलटापालट करत होते. सातवी जागा मार्निक्सला मिळाली. लोडे आठवा, रस्त्याच्या पार कडेला, पुरता वाऱ्यात. अशा वेळी दोस्ताने सातवी जागा मिनिटभर द्यायची आणि मग परत घ्यायची, अशी रीत. गेली अकरा वर्षं दोघे तसंच करत आले होते.

"मार्निक्स! मिनिटभर!"

मार्निक्सला लख्ख ऐकू आलं. लोडेने जागा परत दिलीच असती, यात शंका नव्हती. ती परत घ्यायला आपले पाय शिल्लक राहतील का, याची होती. त्याने मान खाली घातली.

"अरे, अर्धं मिनिट तरी दे रे!"

तिसरी हाक आली नाही. मार्निक्सने मागे वळून पाहिलं नाही. वळलं की तोल जातो, असं लोडेनेच शिकवलं होतं.

लोडे पाऊण तासाने कॅफेत पोचला. तोवर पाटी पुसून कोरडीही झाली होती.

"ओरडलो मी," तो म्हणाला. "वाऱ्यात ऐकू गेलं नसेल."

"नाही गेलं," मार्निक्स म्हणाला आणि बिअर मागवली. दोघांसाठी.

ईस्टरनंतर लोडेच्या जागी ब गटातून हिल्के नावाची तिशीची नर्स वर आली. म्हणजे पुन्हा आठ. कालव्यावर तोच वारा, आणि या खेपेला सातव्या जागेवर हिल्के. कडेला मार्निक्स. हाक मारायला त्याने तोंड उघडलं, पण कोणाच्या नावाने मारायची तेच सुचेना. पाचव्या मिनिटाला सात पाठी लांब गेल्या.

मागून तासाभरात ब गट येणार हे त्याला ठाऊक होतं. तो उतरला, सायकल गवतात उलटी केली आणि तिच्याशेजारी गुडघे टेकून बसला. पंक्चर झालेल्या माणसाला मागे पडलेला धरत नाहीत.

ते आले. अर्थातच सगळेच्या सगळे थांबले.

"पंक्चर?" लोडेने विचारलं.

"हो."

लोडे वाकला. त्याने मागचं चाक अंगठ्याने दाबलं. दगडासारखं टणक. मग पुढचं दाबलं. तेही तसंच. मार्निक्सने कालव्याकडे पाहिलं.

"पंक्चरच आहे," लोडे बाकीच्यांना म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे, मी गाठतो."

सगळे लांब गेले. मग त्याने मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हवर बोट ठेवलं आणि सगळी हवा सोडून दिली. सावकाश, टायर पार बसेपर्यंत. आपल्या सायकलचा पंप काढून मार्निक्सच्या हातात दिला.

"ऊर्बान विचारेल, हवा खरंच गेली होती का," तो म्हणाला आणि निघून गेला.

मार्निक्सने पंप लावला. चाक पुन्हा टणक व्हायला एकशेचाळीस दाब लागले.