पाव इंच

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी मास्तरांच्या अंगठ्यावरचा कात्रीचा घट्टा निवृत्त व्हायला तयार नव्हता. बत्तीस वर्षं त्यांनी एकाच कंपनीत शर्ट कापले होते. कारखान्यात त्यांना समोर ‘मास्तर’ म्हणत आणि पाठीमागे ‘पाव इंच’. पाठीमागे म्हणताना लोक आवाज जरा मोठाच ठेवत, त्यामुळे मास्तरांना दोन्ही नावं सारखीच परिचयाची होती.

त्या सोमवारी थेट मालकीणबाईंचाच फोन आला.

“मास्तरकाका, येऊन जा ना. तुमच्याशिवाय जमणार नाही.”

“काय कापायचंय?”

“कापायचं नाही. कापलेलं परत आलंय.”

या मालकीणबाई लहानपणी कापडाच्या ताग्यांवर झोपायच्या आणि झग्याचे दोन्ही खिसे चिंध्यांनी भरून घरी जायच्या. मास्तरांनीच त्यांचं नाव ‘चिंधी’ ठेवलं होतं. आता त्यांच्या दारावर पितळी पाटी होती. मास्तरांनी आत शिरताच “काय गं चिंधे” म्हटलं, तेव्हा समोर बसलेल्या सल्लागाराने वहीतून मान वर केली. बहुधा हे पद त्याच्या तक्त्यात नव्हतं.

सल्लागार तरुण होता आणि त्याचा शर्ट दुसऱ्या कंपनीचा होता. मास्तरांनी दोन्ही गोष्टी मनात नोंदवल्या. त्याने भिंतीवर एक वर्तुळ दाखवलं. वर्तुळात बाण होते आणि प्रत्येक बाण पुढच्या बाणाकडे बोट दाखवत होता. ऑफिसात काम कसं चालतं हे मास्तरांना ठाऊक असल्याने त्यांना ते लगेच समजलं.

“नवा नियम येतोय काका,” चिंधी म्हणाली. “ज्याने कपडा केला, त्याने तो विकून हात झटकायचे नाहीत. गिऱ्हाइकाने टाकून दिला की परत घ्यायचा. दुरुस्त करायचा, नाहीतर धागा मोकळा करायला पाठवायचा. कशाचा होता, किती होता, पुढे काय झालं, सगळं लिहून द्यायचं.”

“म्हणजे जन्मभराची जबाबदारी?”

“जन्मानंतरचीसुद्धा,” सल्लागार म्हणाला.

“पोरं कमवायला लागली की आईबापसुद्धा यातून सुटतात हो,” मास्तर म्हणाले. सल्लागाराने तेही लिहून घेतलं.

कंपनीने चाचणीसाठी दुकानांत पेट्या ठेवल्या होत्या. त्यांत आठवड्याभरात स्वतःचे शंभर शर्ट जमले. शिवाय दुसऱ्यांचे तीन पडदे, एक मच्छरदाणी आणि एका खिशात कुणाची तरी दातांची कवळी. नियमात कवळीची जबाबदारी कुणाची, यावर एक बैठक होऊन गेली होती.

“या शंभरांतले दुरुस्त होण्याजोगे किती, ते तुम्ही सांगायचं,” चिंधी म्हणाली. “निम्मे निघाले तर रफूखोली पुन्हा उघडू. नाही निघाले तर गुरुवारी तिची भिंत पाडतोय. तिथे गठ्ठे बांधायचं मशीन बसेल.”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

रफूखोली वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी. पूर्वी गिऱ्हाइकाने फाटलेला शर्ट दुकानात परत दिला, की तो या खोलीत यायचा आणि धडधाकट होऊन जायचा. तिथे चार बायका बसत, आणि खिडकीजवळच्या बुटक्या स्टुलावर मास्तरांची बायको. सगळा कारखाना तिला ‘वहिनी’ म्हणे; त्यात मालकही आले. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. खोली बंद पडून सोळा.

मास्तरांनी काम तिथेच मांडलं. स्टूल होतं तिथेच होतं. खिडकीच्या चौकटीत तिने टोचून ठेवलेल्या सुयांची भोकं अजून दिसत होती. दुपारी बारा वाजता ती याच खिडकीतून खाली कटिंगच्या टेबलाकडे बघून टाचणीने काचेवर टकटक करायची. पाचशे जणांच्या गोंगाटात ती टकटक फक्त मास्तरांना ऐकू यायची, आणि नंतर पाचशे जण त्यांना विचारायचे, “मास्तर, वहिनींनी बोलावलं वाटतं?”

पहिल्या दिवशी सल्लागार मदतीला आला. निम्म्या शर्टांवर लेबलच नव्हतं.

“लेबलं कुठे गेली?” त्याने विचारलं.

“मानेला टोचतात म्हणून लोक कापून टाकतात. मीसुद्धा कापतो.”

“मग कापड कशाचं ते कळणार कसं? तपासणीचं यंत्र पुढच्या महिन्यात येणार आहे.”

मास्तरांनी शिवणीतला एक धागा ओढला आणि काडी लावली. “वास घ्या. जळका कागद. म्हणजे सुती.” दुसरा धागा जळण्याऐवजी वितळून मण्यासारखा गोळा झाला. “हा प्लास्टिकचा भाऊबंद. दोन्ही एकत्र असतील तर वेगळे करताना तुमच्या बाणांना घाम फुटेल. पुढच्या वर्षी एका जातीचं कापड घ्या, आणि लेबल न टोचणारं करा.”

“हे यंत्र कुठल्या कंपनीचं?” सल्लागाराने काडेपेटीकडे बघत विचारलं. तो थट्टा करत होता. मास्तरांना तो तेव्हापासून आवडू लागला.

दुसऱ्या दिवशी मात्र मास्तर एकटेच बसले आणि शर्ट उलटे करून शिवणी तपासू लागले. शिवणीच्या आत जे जादा कापड राखतात, त्याला शिंपी माया म्हणतात. शिवण उसवली, कापड विरलं, तर त्या मायेत सुई टाकून शर्ट सावरता येतो. माया नसेल तर सुई टाकायची कुठे?

अठरा वर्षांपूर्वी मास्तरांनी प्रत्येक शिवणीतून पाव इंच माया कमी केली होती. कुणी सांगितलं नव्हतं; त्यांचीच अक्कल. तीन महिने पुठ्ठ्याचे पॅटर्न कोरून कोरून त्यांनी चाळीस शर्टांच्या कापडात एक्केचाळीस बसवले. मालकांनी सगळ्यांसमोर भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं. नाव तेव्हाच पडलं.

घरी बायकोने नवा शर्ट उलटा करून पाहिला. “यात मी सुई कुठे घालू?” एवढंच म्हणाली. घड्याळ तिने स्वयंपाकघरात दारामागे लावलं. दार बंद केलं तरच वेळ दिसायची. दोन वर्षांनी रफूखोली बंद झाली. सगळे म्हणाले, जमाना बदलला, लोक आता नवाच घेतात. मास्तरही तसंच म्हणाले. जरा जास्तच वेळा म्हणाले.

संध्याकाळपर्यंत मोजणी झाली. बेचाळीस.

आठ कमी. अडलेल्यांतले आठ शर्ट ओढूनताणून ‘होण्याजोगे’मध्ये ढकलले असते, तर कुणाला कळलं नसतं. सल्लागाराला काज कुठलं आणि भोक कुठलं हेही नीट कळत नव्हतं. मास्तरांनी एक उचलला, इकडे ठेवला. दुसरा उचलला, तो निळा होता. कोपराला रफू होतं, बोटाला लागत नव्हतं इतकं सपाट. त्यांनी बाही उलटी केली. आतल्या बाजूला लाल धाग्याची एक गाठ.

ही तिची खोड. कापड कुठल्याही रंगाचं असो, रफूच्या शेवटी आतून एक लाल गाठ. “आपण कुठे हात घातला ते आपल्याला सापडायला हवं,” ती म्हणायची. “गिऱ्हाइकाला नाही सापडलं तरी चालेल.”

मास्तरांनी ती गाठ अंगठ्याने चाचपली. मग त्यांनी सगळे ढीग मोडले आणि नव्याने लावले.

बुधवारी चिंधी वर आली, मागोमाग सल्लागार. जमिनीवर आता दोनच रांगा होत्या.

“किती निघाले काका?”

“बेचाळीस.”

तिचा चेहरा पडला. “मग...”

“थांब, चिंधे. ही रांग घड्याळाच्या आधीची. चौतीस शर्ट, त्यांतले एकतीस होतात. ही घड्याळानंतरची. सहासष्ट, त्यांतले अकरा. फरक कापडात नाही, गिऱ्हाइकात नाही. फरक पाव इंचाचा आहे, आणि तो मी कापलाय. ही खोली जमान्याने बंद नाही केली. मी केली.”

सल्लागाराचं पेन थांबलं.

चिंधी खाली बसली, तागे असते तर त्यांवरच बसली असती अशी, आणि एकेक शिवण उलटून बघू लागली. “म्हणजे पाव इंच परत घातला, तर पुढे परत येणारे शर्ट होतील?”

“शंभरातले नव्वद.”

“सल्लागार ठेवून अकरा महिने झाले, पण हे मला कुणीच सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली, आणि सल्लागाराने वर्तुळाचा कागद हळूच घडी करून खिशात ठेवला. “भिंत राहू दे. आत्ता बेचाळीसच असतील तर बेचाळीस करा. पॅटर्न आजच बदला.”

“कात्री द्या.”

“आता संगणकावर कापतात, काका.”

खाली एका मुलीने आकडा टाकला. जो पाव इंच काढायला मास्तरांना तीन महिने लागले होते, तो परत यायला चार सेकंद लागले. मास्तरांना ते थोडं अपमानास्पद वाटलं.

“आणि हा निळा?” सल्लागाराने पहिल्या रांगेतला शर्ट उचलला. “दुरुस्तीत, की धाग्यात?”

“कशातच नाही. तो चांगला आहे.”

सल्लागाराने तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. चांगल्यासाठी रकानाच नव्हता.

“खिडकीशी लावा,” चिंधी म्हणाली. “नवीन बायका येतील, त्यांना दाखवायला.” मग हळूच म्हणाली, “वहिनींचा ना?”

मास्तरांनी मान डोलावली आणि शर्ट खिळ्याला लावला. मग ते बुटक्या स्टुलावर बसले. गुडघे हनुवटीपर्यंत आले. दुसरी खुर्ची आणू का, असं दोघांनीही विचारलं. त्यांनी नको म्हटलं, पहिला शर्ट मांडीवर उलटा केला आणि लाल धागा मागितला.