लाल पाण्याचा पहिला घोट

मित्रांनो, माझ्या बुडाला तीन भोकं आहेत आणि एक कान तुटला आहे, तरी मी अजून स्वतःला पोहराच म्हणवून घेतो. विहिरीतून पाणी शेंदायचा लोखंडी पोहरा. सध्या मशिदीच्या अडगळीत पडून असतो. माझ्यात आता कुणी पाणी भरत नाही. मागच्या वर्षी एका मांजरीनं पिल्लं घातली, तेवढीच काय ती वर्दळ.

माझा जन्म सांगलीचा. एका लोहारानं जाड पत्रा ठोकून मला घडवलं आणि बाजारात अल्लाबक्षनं मला उचललं. साताऱ्याच्या वाटेवरच्या एका लहानशा शहरात तो राहायचा. तिथल्या मशिदीची झाडलोट करायचा आणि नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी हौद भरून ठेवायचा. रोज शंभर वेळा मी खाली जाई आणि वर येई. कुरकुरलो की तो म्हणे, "गप रं गड्या, पुन्याचं काम हाय."

विहीर एकच होती. तिच्या एका अंगाला महादेवाचं देऊळ, दुसऱ्या अंगाला मशीद. देवळाचे पुजारी नाथाजी गुरव, त्यांना सगळे बाबा म्हणत. तेही पहाटे पाण्याला येत, अल्लाबक्षशी हसतखेळत बोलत, पण मी जवळ आलो की आपली तांब्याची घागर पटकन बाजूला घेत. माझा शिंतोडा पडलाच तर ती उपडी करून पुन्हा भरत. भांडण नव्हतं, रीत होती. मला मात्र फार वाईट वाटे. मीही त्याच विहिरीचं पाणी आणत होतो ना?

सन सत्तेचाळीसचा पावसाळा आला. त्या साली अधिक महिना आणि रमजान जोडीनंच आले. इकडे मशिदीच्या दस्तगीर मौलवीसाहेबांचे रोजे, तिकडे बाबांचे उपास. त्यातच शहरात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ शिरली आणि चार दिवसांत खालच्या आळीतली नऊ माणसं गेली. नगरपालिकेनं कमिटी नेमली. लोक ऐकतात म्हणून मौलवीसाहेब आणि बाबा या दोघांनाही तिच्यात घेतलं. डॉक्टर म्हणाले, विहिरीत औषध टाकावं लागेल. पाणी दिवसभर लाल दिसेल, पण प्यायला धोका नाही. दोघांनी होकार दिला आणि दवंडीचं काम नगरपालिकेच्या शिपाई कोंडीबाकडं आलं.

कोंडीबा मनानं मऊ. लाल पाणी म्हटलं की लोक घाबरतील, म्हणून त्यानं औषधाचं सारंच गाळलं आणि "पानी उकळून प्या हो!" अशी दवंडी देऊन तो घरी गेला. रात्री विहिरीत औषध पडलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बनुबाई पाण्याला आली. तिनं विहिरीत वाकून पाहिलं आणि हातातला हंडाच टाकला. "रगात! इहिरीत रगात टाकलंय!"

बघता बघता सारी पेठ जमली. दूरच्या शहरांतल्या दंगलींच्या बातम्या रोज कानावर येत होत्या, मनं आधीच तापलेली. काल सगळ्यांत शेवटी विहिरीवर कोण होतं? अल्लाबक्ष होता, आणि त्याच्या हातात मी होतो. तालमीतल्या हंबीररावानं त्याची मानगूट धरली. "बोल, काय टाकलंस?" आज हा जिवंत घरी जात नाही, असंच मला वाटलं.

तेवढ्यात मौलवीसाहेब आणि बाबा धावत आले. "आरं सोड त्येला! ती दवा हाय. आमीच टाकाय लावली," बाबा ओरडले. कोंडीबानंही रडत आपली चूक सांगितली. पण संशय एकदा डोक्यात शिरला की सहजी निघत नाही.

"समदी मिळून सारवासारव करताय व्हय?" हंबीरराव म्हणाला. "दवा हाय तर पिऊन दावा."

मौलवीसाहेबांनी खूण केली. अल्लाबक्षनं मला खाली सोडून भरून वर घेतलं. मौलवीसाहेबांनी ओंजळ पुढं केली, पण ती तशीच थबकली. उभ्या आयुष्यात त्यांचा एकही रोजा मोडला नव्हता.

"मानसाचा जीव वाचवायला मोडला तर अल्ला माफ करंल," ते पुटपुटले.

"थांबा," बाबा म्हणाले. "तुमचा रोजा ऱ्हाऊ द्या. माज्या उपासाला पानी चालतंय."

"बाबा, देवळातनं घागर आनू?" कुणीतरी विचारलं.

"घागर कशाला? ह्यो हाय की!"

मित्रांनो, बाबांनी मला दोन्ही हातांनी उचललं, माझा काठ ओठाला लावला आणि ते गटागटा पाणी प्यायले. मी लोखंडाचा, पण त्या वेळी मला भरून आलं.

हंबीररावानं मानगूट सोडली, पण हट्ट सोडला नाही. "सांच्यापातुर बघू काय हुतंय ते." बाबांनी अल्लाबक्षला शेजारी घेतलं आणि विहिरीच्या काठावर बैठक मारली. आता बाबांना जरा काही झालं की अल्लाबक्षचं काही खरं नव्हतं. दुपारी बाबांनी अचानक पोट दाबून धरलं. माणसं उठून उभी राहिली. अल्लाबक्ष पांढराफटक पडला.

"आवं बाबा, पोटात दुखतंय का?"

"दुखतंय कशाचं? उपास हाय, भूक लागलीया!"

सगळी पेठ हसली. हंबीररावच घरी पळाला आणि शेंगदाणे-गूळ घेऊन आला.

सूर्य मावळला. मौलवीसाहेबांनी माझ्यातलंच पाणी घेऊन रोजा सोडला. मग बनुबाईनं आपला हंडा विहिरीत सोडला, आणि तिच्यामागं बायांची रांग लागली. हंबीररावानं माफी मागितली नाही. त्यानं अल्लाबक्षच्या हातातून माझा दोर घेतला आणि हौद काठोकाठ भरून दिला. पंधरा दिवसांत साथ आटोक्यात आली.

पुढं नळ आले. विहिरीत लोक कचरा टाकू लागले, आणि मी इथं आलो. मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणत नाही. त्या विहिरीचा गाळ मात्र काढा. लोकांना काही सांगायचं असेल तर पुरतं सांगा, त्यातलं गाळू नका. आणि दुसऱ्या कुणाची ओंजळ भरल्या पाण्यावर अशी थबकलेली दिसली, तर "थांबा" म्हणून तुम्ही पुढं व्हा.